लंगडणाऱ्या कुत्र्याचं रक्तही तपासा

लंगडणाऱ्या कुत्र्याचा लगेच एक्स-रे काढा, हा कुत्र्यांच्या लंगडण्यावरच्या एका लेखातला सल्ला योग्यच आहे. पण आमच्या लातूर-उदगीरकडं त्याच्या जोडीला गोचीडही बघावे लागतात. गोचिडांमुळं होणाऱ्या एर्लिकिया तापात कधी कधी सांधे सुजतात. कुत्रं आज या पायानं लंगडतं, उद्या त्या पायानं, आणि एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. रक्त तपासलं की उलगडा होतो. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत सुरू झालं तर बहुतेक कुत्री सावरतात.

कारवान जातीची कुत्री पाळणाऱ्यांनो, तुमच्या कुत्र्याच्या अंगावर चरबी फार कमी असते. त्यामुळं भुलीच्या काही औषधांचा अंमल त्याच्यावर जास्त वेळ राहतो. पाय मोडून ऑपरेशनची वेळ आली तर जात डॉक्टरांना आवर्जून सांगा. उदगीरला आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं दाखवा.

आणि हात जोडून सांगते, दुखतंय म्हणून घरातली आयब्रुफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी भाकरीत घालून देऊ नका! पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. मोठ्या जातीच्या पिल्लाला मनानं कॅल्शियम पाजणंही थांबवा. जास्तीच्या कॅल्शियमनं त्याची हाडं नीट वाढत नाहीत.