कूलरमधला बर्फ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कूलरच्या टाकीत बर्फ टाकून काहीच उपयोग नाही, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, "पुस्तकी विद्वानांनी मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी येऊन बसावं. बर्फ टाकला की गारवा लगेच जाणवतो." मतभेद असू द्या हो, पण 'पुस्तकी विद्वान' कशासाठी? 28 वर्षं नागपुरातच अकरावी-बारावीला उष्णता शिकवतोय. इथला मे मलाही चुकलेला नाही.

एक मान्य करतो. 'काहीच' हा शब्द चुकला. टाकी उन्हात तापली असेल, तर सुरुवातीची काही मिनिटं बर्फाने फरक पडतो.

पण तुमच्या त्या 'लगेच'च्या पुढे काय होतं, ते बघा. एक किलो बर्फ वितळताना 80 किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि ते पाणी 23 अंशांवर येईपर्यंत आणखी 23. म्हणजे पाच किलोच्या लादीचे झाले 515. आणि कूलरच्या बाजूंना लावलेल्या, पाण्याने भिजणाऱ्या ताट्यांवरून एक लिटर पाणी उडालं की तेच सुमारे 580 किलोकॅलरी घेऊन जातं! दुपारी मध्यम कूलर तासाला दहा लिटर पाणी सहज पितो. तुमची अख्खी लादी म्हणजे त्याचं जेमतेम सहा मिनिटांचं काम.

23 अंशच का? बाहेर 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असली, की बाष्पीभवनाने पाणी आपोआप तिथवर उतरतं, बर्फ नसतानाही. उलट बर्फाचं पाणी गार असतं तोवर बाष्पीभवनच मंदावतं. जुलैत 32 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला हीच मर्यादा 29 वर जाते, म्हणून तेव्हा कूलर नुसता चिकचिक करतो.

गारवा कमी वाटत असेल तर आधी ताट्यांवरून हात फिरवा. वरच्या नळीची भोकं क्षाराने बुजली की खाली कोरडी पट्टी राहते आणि तिच्यातून 44 अंशांची हवा तशीच आत येते. भोकं टाचणीने मोकळी करा. समोरची खिडकीही थोडी उघडी ठेवा; दमट हवा कोंडली की ताट्यांवरचं पाणी उडणं मंदावतं.

मोटर आणि वीजबिलाबद्दल जे लिहिलंत, त्याचा माझ्या लेखाशी संबंध नाही, त्यावर बोलत नाही. ताट्या तपासून झाल्या की जरूर लिहा, पण भाषा जरा जपून.