डब्बा नाही, बाकी सगळं कंपनीचं!

गाडी घेताना आपण शोरूम पालथी घालतो, रंगावरून घरात अबोले धरतो, पेढे वाटतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पुढची दहा वर्षं या गाडीला पार्ट लागणार आहेत, ते कुठून घ्यायचे, हे मात्र कुणी सांगत नाही. ती उणीव भरून काढावी म्हणून तमाम मुंबईकर गाडीमालकांच्या चरणी काही सूचना अर्पण करतो. फुकट आहेत, त्यामुळे आवडतीलच.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मेकॅनिक. "साहेब, माल तुम्ही आणताय की मी आणू?" असं त्याने विचारलं की "तूच आण रे बाबा, तुला कळतं" म्हणून मोकळं व्हावं. त्यात त्याचं कमिशन किती, जुना पार्ट खरंच गेला होता का, तो परत मागून हातात घेऊन बघावा का, असल्या शंका कोत्या मनाच्या माणसांना येतात. तुम्ही टपरीवर कटिंग घ्या.

ऑनलाइनही मागवता येतं. तुमची गाडी कुठल्या सालची, पेट्रोल की डिझेल, फेसलिफ्टच्या आधीची की नंतरची, या तपशिलात फार शिरू नये. फोटोत तर सेम दिसतंय ना? उजव्याऐवजी डावा आला तरी ठेवून घ्या. मुंबईत आज ना उद्या एखादा बाइकवाला डावा उडवणारच आहे.

ब्रेक पॅड घ्यायचे तर बाजारातले सगळ्यात स्वस्त. खंडाळ्याचा घाट उतरताना पाय थेट फ्लोअरमॅटला टेकला तर तेवढंच देवाचं नाव तोंडी येतं.

बिल चुकूनही मागू नका. पार्टवर २८ टक्के जीएसटी होता तेव्हा मागत नव्हतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला म्हणून जुनी सवय मोडायची काही गरज नाही.

ज्यांना मनःशांती हवी आहे त्यांनी मात्र कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जावं. तिथे एसी आहे, मशीनची कॉफी आहे, कुणीतरी अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं आहे. मीही परवाच लाभ घेऊन आलो. झालं असं की माझ्या गाडीच्या दोन्ही साइड मिररच्या काचा रात्रीतून गेल्या. गाडी बिल्डिंगखाली रस्त्यालाच उभी होती (सोसायटीतल्या पार्किंगचं मला विचारू नका, तुमच्याकडेही तेच चाललंय). सकाळी बघतो तर आरशाच्या जागी पांढरा प्लास्टिकचा सांगाडा आणि त्यातून लोंबणाऱ्या दोन बारीक वायरी. चोर कामाचा पक्का होता. बाहेरच्या टोपणावर ओरखडासुद्धा नाही. बटण दाबलं की आतली मोटर फिरत होती, बिनकाचेचा सांगाडा इमानेइतबारे वर-खाली होत होता. म्हणजे मला हव्या होत्या फक्त दोन काचा. तळहाताएवढ्या.

"सर, सिंगल काच येत नाही. असेंब्ली घ्यावी लागेल."

असेंब्ली म्हणजे काच, मोटर, इंडिकेटर, टोपण, वायरिंग, सगळा संसार. एका बाजूचे साडेनऊ हजार. दोन्हीचे एकोणीस. वर टोपणाचा रंग वेगळा, लेबर वेगळं. मी म्हटलं, अहो, मोटर चालू आहे, बघा, फिरतेय. त्या पोराने बघितलंही नाही. "सर, सिस्टीममध्ये काचेचा पार्ट नंबरच नाहीये."

सिस्टीममध्ये नाही! काच आहे, चोराला ती सुटी करता येते, कारखान्यात कुणीतरी ती सुटीच बनवत असणार, पण सिस्टीममध्ये नाही म्हणजे ती या जगातच नाही. उद्या ग्लव्ह बॉक्सची कडी तुटली तर डॅशबोर्ड बदला म्हणतील. आमच्या वडिलांच्या फियाटची काच फुटली की ते जुना तुकडा खिशात घालून काचवाल्याकडे जात, तो मापाने आरसा कापून बसवून देई. त्या फियाटची, म्हणजे प्रीमियर पद्मिनीची, मुंबईतली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली आणि सुटा पार्ट मागायची पद्धतही तिच्याबरोबरच गेली. "क्लेम टाका ना सर," हा त्या पोराचा पुढचा सल्ला. टाकतो की! क्लेम टाकला की नो क्लेम बोनस शून्यावर. पाच वर्षं सांभाळून ५० टक्क्यांवर नेलेली प्रीमियमची सवलत दोन आरशांपायी घालवायची.

हे माझंच रडगाणं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने याच धंद्यावरून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची अवजारं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणाने मिळू द्यायची नाहीत, बाहेर हात लावला की वॉरंटी गेली म्हणून धमकवायचं, हा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या. इतकी वर्षं झाली, आणि मी अजून काउंटरवर उभा राहून तळहाताएवढ्या काचेची भीक मागतोय.

तर या दुःखावर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे जालीम उपाय आहे. "अरे, कसली असेंब्ली? कुर्ल्याला जा, जुन्या पार्टच्या बाजारात. सातशेत काच. कदाचित तुझीच मिळेल!" आणि हसले. लिफ्टमधले सगळेच हसले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विनोद आहे, पूर्वी तो चोर बाजारावर करायचे. तेव्हा सूचना अशी, की अर्ध्या भावाला नाही म्हणू नये. दुकानात गेलात की आरसे भिंतीवर ओळीने टांगलेले दिसतील. "साब, ओरिजिनल है. बस डब्बा नहीं है, बाकी सब कंपनी का." मी जिथे चौकशी केली तिथल्या एका आरशावर मागचं दिसावं म्हणून लावतात तो छोटा गोल आरसा तसाच चिकटलेला होता. दुसऱ्याच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर कोरलेला होता. त्यातलं 'एमएच ०' एवढंच शिल्लक, पुढचं सगळं घासून टाकलेलं. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या गृहस्थांनी तो अंगठ्याने पुसून पाहिला आणि विचारलं, "इस में कुछ कम होगा क्या?"

कम होगा क्या!

त्या बाजारातला सगळा माल चोरीचा नसतो. रीतसर भंगारात काढलेल्या गाड्यांचे पार्ट तिथे येतात, बिल देणारे दुकानदार आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. घासलेला नंबर दिसूनही भाव करणाऱ्या तुमच्याबद्दल. सोळा लाखांची गाडी घेता, तिला चार हजारांचं सीट कव्हर आणि दीड हजाराचा परफ्यूम लावता आणि आरसा घ्यायची वेळ आली की तुम्ही गरीब होता? चोर तो आरसा घरात लावायला नेत नाही. तुम्ही विकत घेता म्हणून नेतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली, माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून तो घेतला तर तीन वर्षांपर्यंत कैद आहे. घासलेला नंबर हे कारण नाही तर काय आहे?

आणि स्वस्तच हवं असेल तर धड मार्ग आहेत हो. फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, दिवे यातलं बरंचसं कार कंपनी स्वतः बनवतच नाही. बॉश, ल्युमॅक्ससारखे लोक तिला पुरवतात आणि स्वतःच्या खोक्यात घालून बाहेरही विकतात, बरेचदा कमी भावात. ऑपेरा हाऊसला जा, पार्टची दुकानंच दुकानं आहेत. चासी नंबर सांगा, खोक्यावरचा पार्ट नंबर जुळवा, एमआरपी बघा, पक्कं बिल घ्या. सुटी काचही नीट विचारलंत तर नवी, खोक्यातली मिळते. मला मिळाली. साडेअकराशेला एक. काका म्हणाले, "फसवलं तुला."

नाही काका, मला कुणी फसवलं नाही. पण पुढच्या वेळी तुमच्या गाडीचे आरसे गेले की सीसीटीव्हीचं फुटेज सोसायटीच्या ग्रुपवर टाकून "पोलीस काय झोपा काढतात का" असं लिहू नका. तुमच्या गाडीला आत्ता जे आरसे आहेत त्यांचं बिल आधी ग्रुपवर टाका.