शून्याच्या वर म्हणजे सुरक्षित नव्हे

‘तापमान शून्याच्या वर असेल तर निर्धास्त धावा’ हे थंडीत रस्त्यावर धावण्याबद्दलच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. हवामानाच्या अंदाजातला तापमानाचा आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र रात्री रस्ता उष्णता बाहेर टाकून हवेपेक्षाही गार पडतो आणि त्यावर बर्फाचा पारदर्शक पापुद्रा धरतो. बघणाऱ्याला वाटतं, रस्ता नुसता ओला आहे. अशाच एका पहाटे फोनवर २ अंश बघून मी निघाले आणि पुलावर आडवी झाले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पुलाला वरून-खालून दोन्हीकडून गार हवा लागते, म्हणून तो बाकीच्या रस्त्याआधी गोठतो.

बर्फावर पकड देणाऱ्या खिळ्यांच्या बुटांबद्दल लेखात जे म्हटलंय, ते अगदी पटलं. पण पुलावर आणि सावलीतल्या वळणांवर धावणं थांबवून छोटी पावलं टाकत चालावं, हेही लिहायला हवं होतं.