फ्रीझरमध्ये पेचकस घालू नका: ‘नऊ घरगुती उपायां’ना उत्तर

‘खाली फ्रीझर असलेला फ्रिज आहे? मेकॅनिकला पैसे देऊ नका! नऊ घरगुती उपाय. सर्व माता-भगिनींपर्यंत पोचवा.’ हा मेसेज गेल्या महिनाभरात मला तीन ग्रुपवर आला आणि तिन्ही वेळा मी तो वाचायच्या आधीच पुसला. चौथ्यांदा तो आईच्या तोंडून ऐकला, फ्रिज बंद पडल्यावर.

आई-बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात आमच्या गावी राहतात. आईचा सकाळी सातला फोन आला. “अवं, वरचं दूध नासून राहिलं होतं. मोबाईलवर आलं तसं केलं म्या. सूं सूं वाजलं, अन् तवापासून काहीच थंड होत नाही.” बाबांच्या इन्सुलिनच्या कुप्या त्याच फ्रिजमध्ये होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळून त्या शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवायला सांगितलं, आणि मग तो मेसेज पहिल्यांदा पूर्ण वाचला. हे लिहायला बसले ते त्यामुळेच.

त्यातला पहिलाच उपाय असा: ‘वरचा कप्पा थंड होत नसेल तर फ्रीझरच्या मागचं प्लॅस्टिकचं कव्हर स्क्रू काढून उघडा. आतला बर्फ पेचकसने किंवा सुरीने टोचून काढा. कडक असेल तर उकळतं पाणी टाका.’

त्या कव्हरच्या मागे बर्फाखाली काय असतं, ते लिहिणाऱ्याने कधी पाहिलेलं नाही. तिथे ॲल्युमिनियमची पातळ नळी नागमोडी वळवून बसवलेली असते, तिच्यावर कागदासारखे पत्रे असतात. हीच कॉइल. फ्रिजचा सगळा गॅस या नळीतून फिरतो. बर्फात रुतलेली नळी वरून दिसत नाही. पेचकसचं एक टोक लागलं की भोक पडतं. आईने ऐकला तो सूं आवाज त्या भोकातून बाहेर जाणाऱ्या गॅसचा होता.

आता फ्रिजच्या मागच्या पट्टीकडे या. प्रत्येक फ्रिजला मागे किंवा आत बाजूला एक छापील पट्टी चिकटवलेली असते. आमच्या फ्रिजच्या पट्टीवर लिहिलंय: आर-600ए, 58 ग्रॅम, आणि बाजूला पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र. आर-600ए म्हणजे आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतं, हा त्यांचाच सख्खा नातेवाईक. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून वासाचं रसायन मुद्दाम मिसळतात. फ्रिजच्या गॅसमध्ये ते मिसळत नाहीत, त्यामुळे गळला तरी नाकाला पत्ता लागत नाही. शिवाय हा गॅस हवेपेक्षा साधारण दुप्पट जड. तो खाली बसतो, आणि आपला फ्रीझर खालीच आहे, जमिनीलगत. आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजपासून पाच हातांवर देवघर आहे, सकाळी तिथे निरांजन लागतं.

58 ग्रॅम म्हणजे फार नाही. दार-खिडकी उघडी असली तर तो लवकर विरून जातो, आणि आईचं मागचं दार उघडं होतं. पण बंद खोलीत, कॉइलला तोंड लावून बसलेल्या बाईच्या हाताशी, ठिणगी पडली तर भडका उडायला तेवढा पुरे आहे. मेसेजमध्ये प्लग काढा हेसुद्धा लिहिलेलं नाही. त्या कॉइललाच बर्फ वितळवणारा विजेचा हीटर बसवलेला असतो, शेजारी पंख्याच्या वायरी असतात, आणि त्यावर हा माणूस उकळतं पाणी ओतायला सांगतो! असा मेसेज बायकांना पाठवताना हात थरथरला नाही?

कधी असा सूं आवाज आलाच तर खोलीतल्या बटनांना हात लावू नका, काडी पेटवू नका, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. फ्रिजची लाईन बाहेरच्या मेन स्विचवरून बंद करा.

बर्फ काढायची रीत याहून कितीतरी सोपी आहे. प्लग काढायचा. सामान बाहेर काढायचं. दोन्ही दारं उघडी टाकायची, खाली जुनी गोधडी अंथरायची आणि रात्रभर, बर्फ जाड असेल तर पूर्ण दिवस, तसंच सोडायचं. कव्हर उघडायचंच नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात बर्फ वितळायला कोणाची मदत लागत नाही. मग फ्रिज कोरडा पुसून सुरू करायचा. वर पुन्हा नीट थंड झालं आणि आठ-पंधरा दिवसांत तोच त्रास परत आला, तर आधी फ्रीझरचं दार नीट लागतंय का बघायचं; लागत असेल तर बर्फ वितळवणारा हीटर किंवा त्याचा सेन्सर काम करत नसावा असं समजायचं आणि मेकॅनिकला तेवढंच नेमकं सांगायचं. त्याचा वेळ वाचतो, आपले पैसेही.

आईच्या फ्रिजमध्ये मात्र हीटर ठीक होता. मेकॅनिकने खालचा ड्रॉवर ओढला तर तो सोल्यांच्या पिशव्यांनी ठासून भरलेला. जानेवारीत तुरीच्या शेंगा सोलून तिने वर्षभराचे दाणे ठेवले होते. ड्रॉवर बोटभर पुढे राहायचा, त्यामुळे फ्रीझरचं दार लागल्यासारखं दिसायचं पण रबर टेकायचं नाही. त्यात समोर कूलर. कूलरची हवा ओली असते. ती त्या फटीतून रात्रंदिवस आत जात होती आणि कॉइलवर बर्फ होऊन बसत होती. दोन पिशव्या काढल्या असत्या तर काम झालं असतं. त्याऐवजी कॉइल बदलून, नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून (व्हॅक्यूम करून), गॅस वजन करून भरून घ्यावा लागला.

दुसरा उपाय: ‘वर थंड नाही म्हणजे गॅस संपला. दर दोन वर्षांनी गॅस भरावाच लागतो.’ फ्रिजचा गॅस म्हणजे मोटारसायकलचं पेट्रोल नाही. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळ्यांमध्ये तोच तो वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस परत जाणारच. ओळखायची सोपी खूण सांगते. वर दूध नासतंय पण खाली बर्फ दगडासारखा आहे, तर बहुतेक वेळा गॅस शाबूत असतो. गॅस गेला असता तर खालचंही वितळलं असतं. अशा वेळी दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो: बर्फाने बुजलेली कॉइल, बंद पडलेला पंखा, किंवा वर हवा सोडणारी झडप अडकलेली. आमच्या भागात “गॅस गेला” एवढ्या दोन शब्दांवर किती घरांनी हजारो रुपये दिले असतील, याचा मला फार राग येतो.

तिसरा मुद्दा म्हणे विज्ञानाचा: ‘थंड हवा खाली बसते, म्हणून खाली फ्रीझर असलेला फ्रिज वर थंड करूच शकत नाही. कंपन्यांची फसवणूक.’ थंड हवा खाली बसते हे खरं आहे, तेवढं मान्य करावं लागेल. जुन्या एकदारी फ्रिजमध्ये म्हणूनच बर्फाचा कप्पा वर असायचा. पण खाली फ्रीझर असलेल्या फ्रिजमध्ये हवा आपोआप चढेल असं कोणी धरलेलंच नाही. तिथे पंखा असतो, तो थंड हवा मागच्या वाटेने वर ढकलतो आणि वरच्या कप्प्यातल्या भोकांतून सोडतो. आणि याच मेसेजचा चौथा उपाय आहे, ‘भाजी गोठू नये म्हणून मागची भोकं कापडाने बुजवा.’ म्हणजे हवेची वाट आपणच बंद करायची आणि वर थंड होत नाही म्हणून कंपनीला दोष द्यायचा. भोकांसमोर डब्यांची उतरंड लावू नका, चार बोटं जागा सोडा. सांभार (कोथिंबीर) धुतला असेल तर निथळून, कोरडा करून, भोकापासून लांब ठेवा. गोठणार नाही.

पाचवा: ‘रात्री फ्रिज बंद ठेवा, यंत्राला आराम मिळतो, बिल निम्मं येतं.’ आतली थंडी जमली की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर लक्ष ठेवणारं बटन, स्वतःच कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारी मोटर) थांबवतो. आराम त्याला दिवसभर मिळतच असतो. आणि रात्रभर तापलेला फ्रिज सकाळी पुन्हा थंड करायला वीज लागतेच. लाईन गेल्यावर दार अजिबात न उघडता फ्रिज साधारण 4 तास अन्न सुरक्षित ठेवतो, भरलेला फ्रीझर 48 तास आणि अर्धा भरलेला 24 तास, असं अमेरिकेचं कृषी खातं सांगतं. रात्र आठ तासांची असते. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहावं लागतं, आणि मे महिन्यात यवतमाळकडे मध्यरात्रीही घराच्या भिंती गरम असतात. ज्या घरात इन्सुलिन आहे तिथे हा उपाय औषध खराब करतो. तशीच ती कुपी मागच्या भोकाला टेकवूनही ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं.

सहावा आणि सातवा पटकन उरकते. कोपऱ्यात मिठाची वाटी ठेवल्याने बर्फ थांबत नाही. मीठ ज्या पाण्यात विरघळतं त्याचाच गोठणबिंदू उतरतो, वाटीतल्या मिठाचा मागच्या कॉइलशी संबंध नाही. बर्फ थांबवायचा तर रबर बघा. दारात दहाची नोट धरून दार लावा आणि ओढा. अलगद निसटली तर तिथे रबर सैल आहे किंवा मळलंय. साबणाच्या कोमट पाण्याने पुसा, वळ्यांमधलं पीठ-साखर काढा, आणि पुन्हा नोट लावून बघा. सातवा उपाय ओल्या कापडाचा: फ्रिजच्या बाजू गरम होतात म्हणून त्यावर ओलं कापड टाकू नका! बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आतली उष्णता बाहेर टाकणारी नळी बाजूच्या पत्र्याआडच असते. बाजू गरम होणं म्हणजे काम चालू असणं. तिथे हवा खेळू द्या, पोती आणि कापडं दूर ठेवा.

इथे पुन्हा ती मागची पट्टी कामी येते. तिच्यावर हवामानाचा वर्ग छापलेला असतो. ‘टी’ असेल तर फ्रिज 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलाय, ‘एसटी’ असेल तर 38 पर्यंत, नुसतं ‘एन’ असेल तर 32. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, आणि टिनाखालचं स्वयंपाकघर कसं तापतं ते आपल्याला माहीत आहे. फ्रिज घेताना ‘टी’ बघून घ्या आणि घरातल्या सगळ्यात थंड भिंतीला ठेवा.

आठवा: ‘नव्या फ्रिजला स्टॅबिलायझर लागत नाही.’ हे अर्धं खरं आहे. अनेक इन्व्हर्टर फ्रिज (ज्यांचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जलद चालतो) कमी-जास्त व्होल्टेज सहन करतात, पण किती ते पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंतच. आमच्याकडे चक्की सुरू झाली की पंखा हळू फिरतो. अशा गावात साध्या कॉम्प्रेसरच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर काढायला सांगणं चूक आहे. लाईन आल्यावर तीन-चार मिनिटं थांबून वीज सोडणारा स्टॅबिलायझर असेल तर उत्तमच.

नववा उपाय, पेल्यात बर्फ जमवून वर नाणं ठेवायचा, हा मात्र बरोबर आहे. बाहेरगावाहून आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर आपल्यामागे लाईन बराच वेळ गेली होती आणि फ्रीझरमधलं सगळं वितळून परत गोठलंय. फक्त काचेचा पेला घेऊ नका, तडकतो. आईने स्टीलची वाटी घेतलीय, सोल्यांच्या उरलेल्या पिशव्यांशेजारी, वर एक रुपया.