‘काटा खोटा आहे’ या अभिप्रायावर आमचं उत्तर

नमस्कार वैद्यसाहेब,

आमच्या मिलिग्रॅम काट्याला तुम्ही एक तारा दिलात आणि चार तक्रारी लिहिल्यात. भस्म टाकताना आकडा शून्यावरच अडकतो, सराफाकडून आणलेलं 100 ग्रॅमचं वजन 100.021 भरतं, पाच रुपयांची दोन सारखी नाणी वेगवेगळी भरतात, आणि दुपारी आकडा स्थिर राहत नाही. ‘आजोबांचा पितळी तराजू यापेक्षा खरा’ हेही लिहिलंत. रोग्याचं औषध तोलणाऱ्याला काट्याची शंका आली तर त्याने ती बोलून दाखवलीच पाहिजे. इथे इतर वैद्यही वाचतात, म्हणून उत्तर फोनवर न देता इथेच सविस्तर देतो.

आधी शून्याचं, कारण औषधाच्या दृष्टीने तीच तक्रार सगळ्यांत गंभीर आहे. या काट्यात शून्य आपोआप सांभाळण्याची सोय असते. पॅनवर धूळ बसली किंवा खोली थोडी तापली की आकडा हळूहळू सरकतो, आणि काटा ते सरकणं ओळखून पुन्हा 0.000 वर आणतो. तुम्ही कागद ठेवून शून्य केलंत आणि चमच्याच्या टोकावरून भस्म अगदी कणाकणाने सोडलंत, तर काट्याला ते भस्म आणि ते सरकणं यांतला फरक कळत नाही. चार-पाच मिलिग्रॅम पडूनही तो शून्यच दाखवतो, आणि पुडीत तुम्हाला हवं त्यापेक्षा जास्त भस्म जातं.

यावर उपाय सोपा आहे. कागद ठेवल्यावर शून्य करूच नका. समजा कागद 0.412 ग्रॅम भरला, तर एक गुंज म्हणजे 125 मिलिग्रॅमसाठी 0.537 येईपर्यंत भस्म टाका. आकडा शून्यापासून लांब असला की काटा ती सोय वापरत नाही आणि पडलेला कण न् कण मोजतो. शेवटी कागद भस्मासकट उचलून पुन्हा ठेवा. तोच आकडा आला तर पुडी बांधा.

याच ओघात एक सांगतो, तुम्ही विचारलेलं नसलं तरी. अभिप्रायात तुम्ही सुवर्ण भस्माच्या 15 मिलिग्रॅमच्या पुड्यांचा उल्लेख केला आहे. हा काटा एक मिलिग्रॅमपर्यंत वाचतो, म्हणजे 125 मिलिग्रॅमवर एका मिलिग्रॅमचा फरक टक्क्याच्या आत राहतो, पण 15 वर तोच फरक जवळपास सात टक्के होतो. कृपा करून इतकी लहान पुडी एकेक करून यावर तोलू नका. दीड ग्रॅम भस्म एकदाच तोला, 48.5 ग्रॅम सितोपलादी चूर्णात थोडं थोडं मिसळत चांगलं खलून घ्या आणि अर्ध्या अर्ध्या ग्रॅमच्या 100 पुड्या करा. प्रत्येकीत 15 मिलिग्रॅम येईल. खल नीट झाला पाहिजे, आणि ते तुम्हाला मी शिकवायला नको.

आता 100.021. काटा वस्तूचा खाली पडणारा जोर मोजतो आणि त्यावरून ग्रॅम काढतो. हा जोर सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तापासून दूर गेलं की वाढतो, उंचीवर गेलं की कमी होतो. काटा पुण्यात, साधारण 560 मीटर उंचीवर कॅलिब्रेट झाला, म्हणजे प्रमाण वजन ठेवून त्याचा आकडा तिथे जुळवला गेला. तुमचं नागपूर पुण्याच्या उत्तरेला आहे आणि उंची 310 मीटरच्या आसपास. दोन्ही कारणं एकाच दिशेने जातात, आणि 100 ग्रॅमला साधारण 20 मिलिग्रॅम वाढ दिसते. तुमचा आकडा त्याच्याशी जुळतो. म्हणूनच ‘वापराच्या ठिकाणी कॅलिब्रेशन करून घ्यावे’ ही ओळ आमच्या बिलावर ठळक छापलेली आहे. शिवाय हा फरक वजनाच्या प्रमाणात असतो. 125 मिलिग्रॅमच्या पुडीवर तो एका मिलिग्रॅमचा चाळिसावा भाग होतो, काट्याला तो दिसतही नाही. पुडीची खात्री करायची तर 100 ग्रॅमचं वजन कामाचं नाही. 100 आणि 200 मिलिग्रॅमची पत्र्याची वजनं लागतात, आणि तीही चिमट्यानेच उचललेली.

कॅलिब्रेशनचं बटण मात्र स्वतः दाबू नका. काट्याला वैध मापन खात्याचं सील आहे. ते तुटलं तर पुन्हा पडताळणी करून घेईपर्यंत काटा व्यवहारात वापरता येत नाही. नागपुरातले परवानाधारक दुरुस्तीवाले आमच्या ओळखीचे आहेत. ते दवाखान्यात येऊन कॅलिब्रेशन करतील आणि पडताळणीही करून देतील. बिलात ते धरलेलंच आहे, तुम्हाला वेगळं काही द्यायचं नाही.

आजोबांच्या तराजूबद्दल तुमचं म्हणणं एका बाबतीत अगदी खरं आहे. दोन पारड्यांचा तराजू एका बाजूच्या वजनाशी दुसऱ्या बाजूची तुलना करतो, त्यामुळे पुणे काय आणि नागपूर काय, त्याला जागेचा फरक पडत नाही. तो जपून ठेवा. फक्त वजन म्हणून गुंजेच्या बिया वापरत असाल तर त्या बदला, कारण बीगणिक वजन वेगळं असतं.

नाण्यांनी काटा तपासता येत नाही. सहा ग्रॅमच्या नाण्याला टाकसाळीतच थोडी कमी-जास्त सूट असते, आणि हातोहाती फिरून ते झिजतं ते वेगळंच. एकच नाणं दहा वेळा ठेवून पाहा. दहाही वेळा तोच आकडा आला तर काटा आपल्या शब्दाला पक्का आहे.

दुपारच्या आकड्याचं कारण तुम्ही टाकलेल्या फोटोतच दिसतं. काट्यामागे कूलर चालू आहे आणि काट्याचं काचेचं झाकण टेबलावर बाजूला काढून ठेवलेलं आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा म्हणणं माणुसकीचं नाही. काटा पलीकडच्या भिंतीजवळ न्या, झाकण लावा, काटा सपाट आहे का हे दाखवणारा बुडबुडा गोलाच्या मधोमध आणा आणि काटा चालू करून अर्धा तास थांबा. प्लॅस्टिकच्या कागदाऐवजी बटर पेपर घ्या. कोरड्या हवेत प्लॅस्टिक वीज धरतं आणि आकडा ओढतं.

‘दुकानदाराने काटा मारला’ हे वाक्य मात्र मला फार लागलं. या धंद्यात त्याहून मोठा आरोप नाही. म्हणून असं करू या. 100 मिलिग्रॅम, 200 मिलिग्रॅम आणि 1 ग्रॅमची, प्रमाणपत्र असलेली वजनं आम्ही दुरुस्तीवाल्यांबरोबर पाठवतो. कॅलिब्रेशननंतर, झाकण लावून, तुमच्याच टेबलावर प्रत्येक वजन दहा वेळा ठेवा. एकदा जरी दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक दिसला तरी काटा परत घेऊ, पूर्ण पैसे देऊ, आणि तोपर्यंत हा अभिप्राय इथून काढा असं तुम्हाला सांगणार नाही.

आणि तपासणीआधीच परत पाठवायचं ठरलं, तर पॅन काढून वेगळा गुंडाळा. पॅन वर असताना खोक्याला धक्का बसला तर आतला लोडसेल, म्हणजे वजनाचा जोर मोजणारा भाग, वाकतो, आणि मग काट्यात आधी काय होतं हे कुणालाच तपासता येत नाही.