‘बर्फाऐवजी पाऊस पडला तरी पाणी तेवढेच’ हा दावा का टिकत नाही

गुलमर्ग किंवा मनालीला जोराची हिमवृष्टी झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. एवढा बर्फ पडतो त्याअर्थी तापमानवाढ ही अफवा आहे, आणि ती खरी मानली तरी बर्फाच्या जागी पाऊस पडेल, पाणी तेवढेच मिळेल, असे त्यात म्हटलेले असते.

पहिल्या विधानात हिमवृष्टीला थंडीइतकेच बाष्पही लागते, हे विसरले गेले आहे. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे जिथे तापमान उणे १५ वरून उणे १३ अंशांवर आले, तिथे एखाद्या पश्चिमी झंझावातात (हिवाळ्यात पश्चिमेकडून येऊन हिमालयात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी प्रणालीत) पूर्वीपेक्षा जास्त बर्फही पडू शकतो. खरा बदल शून्य अंशाच्या आसपासच्या पट्ट्यात होतो. उंचीबरोबर तापमान दर किलोमीटरला साधारण ६.५ अंशांनी घटते, म्हणून १ अंशाच्या वाढीने हा पट्टा सुमारे १५० मीटर वर सरकतो आणि त्याखालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस पडू लागतो. एका आठवड्याच्या बर्फावरून याचा निर्णय होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बर्फाविना होते, पण तेवढ्यावरूनही होत नाही. त्यासाठी अनेक दशकांच्या नोंदी पाहाव्या लागतात.

‘पाणी तेवढेच’ हे विधान मला अधिक घातक वाटते, कारण ते ऐकायला पटते. वर्षाची बेरीज एक वेळ तीच राहील, पण शेतीला पाणी बेरजेने नव्हे, वेळेवर लागते. हिवाळ्यात साठलेला बर्फ उन्हाळ्याच्या तोंडावर हळूहळू वितळतो, तर पावसाचे पाणी त्याच दिवशी उतरून जाते. लडाखमध्ये पेरणीच्या वेळी ओढे कोरडे राहू नयेत म्हणून अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८० च्या दशकापासून कृत्रिम हिमनद्या, म्हणजे हिवाळ्यात ओढ्याचे पाणी अडवून गोठवलेले बर्फाचे साठे, उभारल्या, त्या याच अडचणीपोटी.

शिवाय साठलेल्या बर्फावर पाऊस पडला, तर वितळलेले पाणी पावसाच्या पाण्यात मिसळते. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचे चोराबारी सरोवर अशाच दुहेरी पाण्याने भरून फुटले आणि खालची वस्ती वाहून गेली.

जादा पाणी धरणांत साठवू, हे उत्तरही अपुरे आहे: लडाखमधली बहुतेक शेते सिंधूवर नव्हे, तिच्या कितीतरी वरून येणाऱ्या ओढ्यांवर भिजतात.