‘०.९८ कोरिलेशन’ म्हणजे आकडे जुळले असं नाही

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘ग्लुकोमीटर आणि लॅबच्या शुगरचं कोरिलेशन ०.९८ आहे, सरासरी फरक शून्य. म्हणजे मीटर तंतोतंत. लॅबचा आकडा वेगळा आला तर लॅब लुटतेय.’ मी लॅबमध्ये रोज शुगरच्या ट्यूब हाताळते. असल्या मेसेजवर विसंबून लोक इन्सुलिनचा डोस बदलतात, म्हणून लिहितेय.

कोरिलेशन म्हणजे दोन आकडे सोबत वर-खाली होतात का याचं माप; १ म्हणजे अगदी एका रेषेत. ०.९८ खरं असेलही, पण ते आकडे जुळल्याचं माप नव्हे. रावेरला केळीच्या मोजणीत व्यापाऱ्याचा काटा क्विंटलमागे पाच किलो कमी दाखवतोय असं धरा. माल वाढला की त्याचा आकडा वाढतो, तुमच्या काट्याचाही वाढतो. कोरिलेशन पूर्ण १. त्या वजनाने पैसे घ्याल? मीटर १०० ला १२०, १५० ला १८०, २०० ला २४० दाखवत राहिलं तरी कोरिलेशन १ च. त्यात ६० पासून ४०० पर्यंतचे पेशंट एकत्र घेतले की हा आकडा आपोआप फुगतो. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात यावर बोट ठेवलं. प्रत्येक पेशंटच्या दोन आकड्यांतला फरक काढा, तो त्या दोन आकड्यांच्या सरासरीसमोर मांडा, आणि फरकांच्या सरासरीच्या दोन्ही बाजूंना १.९६ प्रमाण विचलनाचा (फरक किती विखुरलेत त्याचं माप) पट्टा किती रुंद पडतो ते बघा; बहुतेक पेशंटचे फरक या पट्ट्यात येतात.

‘सरासरी फरक शून्य’ तर एकाला ४० जास्त आणि दुसऱ्याला ४० कमी दाखवूनही येतो. शुगर ६० पर्यंत उतरलेल्या माणसाला मीटर १०० दाखवत असेल, तर त्या शून्याचा त्याला काय उपयोग?

राहिली लूट. मीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या निकषात १०० च्या पुढे १५ टक्के फरक चालतो. लॅबमध्ये २०० आली तर मीटरवरचे १७० किंवा २३० दोन्ही निकषात बसतात. अंगात रक्त कमी असेल तर मीटरची पट्टी शुगर जास्त दाखवते. चूक आमच्या बाजूनेही होते. साध्या ट्यूबमध्ये रक्त तसंच पडून राहिलं तर पेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात, मे महिन्याच्या उन्हात त्याहून जास्त. एका कलेक्शन सेंटरची लाल झाकणाची, म्हणजे साधी ट्यूब तीन तास गाडीच्या डिक्कीत तापून आली होती. मी ती घेतली नाही, साखर टिकवणाऱ्या राखाडी झाकणाच्या ट्यूबमध्ये नवं सॅम्पल मागवलं.

पडताळायचंच असेल तर मीटर घेऊन उपाशीपोटी लॅबमध्ये या. हात साबणाने धुऊन कोरडे करा. केळं सोललेल्या बोटावर पट्टी लावली तर फळाची साखरही मोजली जाते. शिरेतून रक्त काढतील तेव्हाच बोटाची चाचणी करा, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी लिहा. असं चार-पाच वेळा झालं की ती वही डॉक्टरांना दाखवा, डोस तोवर हलवू नका.